वीस वर्षांचे भाकीत : कर्बनलिका आणि वैद्यक

दिनांक २२ जून १९९९ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीच्या एका उपसमितीपुढे रिचर्ड स्मॉली हे रसायनशास्त्रज्ञ साक्ष देण्यास उपस्थित झाले. ह्यूस्टन येथील राइस विद्यापीठाचे हे प्राध्यापक तेव्हा छप्पन्न वर्षांचे होते आणि तीनच वर्षांपूर्वी, १९९६ साली, रॉबर्ट कर्ल व हॅरल्ड क्रोटो यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते. विषय होता अब्जांश तंत्रज्ञानाच्या संशोधनाला सरकारी द्रव्यसाहाय्य मिळण्याचा. त्या दिवशी त्यांच्या डोक्यावर केस जवळजवळ नव्हते, आणि ते का नाहीत हे त्यांनी स्वतःच समितीला सांगितले. लसिकापेशींच्या कर्करोगावर चालू असलेल्या रासायनिक उपचारांमुळे ते काही आठवड्यांपूर्वी गळले होते. वीस वर्षांपूर्वी हा रोग जडला असता तर हे ओबडधोबड उपचारही लाभले नसते आणि आपण एव्हाना या जगात नसतो. आणखी वीस वर्षांनी मात्र या बोथट हत्याराची गरजच उरणार नाही, कारण तोवर नेमक्या कर्कपेशी हुडकून त्यांचाच नाश करणारी, रेणूंच्या मापाची औषधे हाती आलेली असतील, असा त्यांच्या निवेदनाचा मथितार्थ होता. तो दिवस पाहायला आपण कदाचित नसू, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती.

ते नव्हतेच. २८ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी दिलेली वीस वर्षांची मुदत २०१९ साली संपली, आणि त्या वर्षी कोणी हा हिशेब मांडल्याचे आमच्या वाचनात आले नाही. म्हणून तो येथे मांडण्याचे योजिले आहे. स्मॉली यांनी ज्या पदार्थावर आपल्या उत्तरायुष्याची सारी शक्ती लावली त्या पदार्थापुरताच आम्ही तो मांडू. शास्त्रज्ञ त्याला कार्बन नॅनोट्यूब म्हणतात. आम्ही या लेखात कर्बनलिका म्हणणार आहोत.

कर्बनलिका म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. पेन्सिलीतील ग्राफाइट हे कर्बाच्या अणूंच्या एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांचे बनलेले असते आणि प्रत्येक पापुद्र्यात अणूंची षट्‌कोनी जाळी असते, मधाच्या पोळ्यासारखी. असा एक पापुद्रा घेऊन त्याची सुरळीच्या वडीप्रमाणे गुंडाळी केली आणि कडा एकमेकींना बेमालूम जोडल्या, तर जी नळी तयार होईल ती एकभित्तिक कर्बनलिका. एका नळीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा बसवल्या तर ती बहुभित्तिक. प्रत्यक्षात अर्थात कोणी गुंडाळत बसत नाही. उष्ण भट्टीत लोहासारख्या धातूच्या सूक्ष्म कणांवर कर्बाची वाफ आली की त्या नळ्या आपोआप वाढतात. एकभित्तिक नळीचा व्यास सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे एका मीटरचा अब्जावा भाग. आपल्या पेशींतील डीएनएच्या दुहेरी गोफाची जाडी दोन नॅनोमीटर आहे, यावरून कल्पना यावी. लांबी मात्र जाडीच्या हजारो पट असू शकते. रुंदीने रेणूएवढी आणि लांबीने पेशीएवढी किंवा तिच्याहूनही मोठी अशी ही वस्तू आहे, आणि पुढे जे काही बरेवाईट घडले ते बहुतेक सारे याच विजोड मापामुळे घडले.

या नळ्यांचा शोध कोणी लावला, हा एक वादाचा विषय आहे. सर्वसाधारण पुस्तकांत जपानच्या त्सुकुबा येथील एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेतील सुमिओ इजिमा यांचे नाव व १९९१ हे साल आढळते. परंतु रशियातील रादुश्केविच व लुक्यानोविच या दोघांनी १९५२ सालीच पोकळ कर्बतंतूंची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. ती रशियन भाषेत आणि शीतयुद्धाच्या काळात. पश्चिमेकडे ती फारशी कोणी पाहिली नाहीत. १९७६ साली ओबर्लिन, एन्डो व कोयामा यांच्या निबंधातही अशा नळ्या दिसतात. इजिमांचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही, कारण नळीची अणुरचना नेमकी उलगडून दाखवली ती त्यांनीच, आणि १९९३ साली एकभित्तिक नळ्यांचा वृत्तांत देणाऱ्या दोन गटांपैकी एक त्यांचाच होता. तरीही जे इंग्रजीत छापले जाते तेच ज्ञान ठरते, याचा अनुभव असलेल्या आमच्यासारख्या भाषिकांना १९५२ च्या त्या दोन रशियनांविषयी थोडी आपुलकी वाटल्यास नवल नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. २००६ साली जर्मनीतील ड्रेस्डेन येथील संशोधकांनी सतराव्या शतकातील एका दमास्कस तलवारीच्या पोलादात कर्बनलिकांचे अवशेष आढळल्याचे जाहीर केले. हा निष्कर्ष सर्व धातुशास्त्रज्ञांना पटलेला नाही. पण दमास्कस तलवारींचे कच्चे पोलाद, म्हणजे वुट्झ, दक्षिण हिंदुस्थानातून जात असे याबद्दल शंका नाही. आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनसमुद्रम या गावी ते खरेदी करण्यास इराणी व्यापारी येत, अशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली नोंद आहे. वुट्झ हा शब्द कानडीतील ‘उक्कु’ वरून आला असे मानतात, हे आमच्या बेळगावकर वाचकांना सांगायला नकोच. मात्र या वृत्तावरून ‘आमच्या पूर्वजांना हे तंत्र अवगत होते’ असे जे लेख तेव्हा निघाले, त्यांत अर्थ नव्हता. लोहाराला पोलादाचा गुण ठाऊक होता, त्यातील नळी नव्हे.

स्मॉली यांच्याकडे वळू. १९८५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ कर्बअणूंचा फुटबॉलच्या आकाराचा रेणू शोधला. नोबेल मिळाले ते त्यासाठी. नव्वदीच्या दशकात ते नळ्यांकडे वळले आणि कर्ब मोनॉक्साइड वायूपासून उच्च दाबाखाली एकभित्तिक नळ्या मोठ्या प्रमाणात काढण्याची पद्धत त्यांच्या गटाने बसवली. तोवर चिमूटभर मिळणारी वस्तू ग्रॅमच्या मापाने मिळू लागली आणि देशोदेशीच्या प्रयोगशाळांना तिचा पुरवठा होऊ लागला. इतिहासात अशा गोष्टींकडे दुर्लक्ष होते. शोध एकाच्या नावावर लागतो, पण तो शंभर ठिकाणी पोचतो तो ज्याने कच्चा माल सुलभ केला त्याच्यामुळे.

वैद्यकाच्या दृष्टीने पहिली अडचण साधी होती. या नळ्या पाण्यात विरघळत नाहीत. काजळीसारख्या गोळा होऊन तळाशी बसतात. त्यांच्या पृष्ठभागावर निरनिराळे रेणू चिकटवून त्यांना पाण्यात तरंगते ठेवण्याची किमया २००० नंतरच्या चारपाच वर्षांत साधली, आणि मग बातम्यांचा पूर आला. २००२ साली राइस विद्यापीठातच ब्रूस वाइझमन व स्मॉली यांच्या गटाला असे दिसले की सुट्या एकभित्तिक नळ्या प्रकाशित केल्या असता त्या अवरक्त प्रकाश बाहेर टाकतात. त्वचा व मांस यांतून दृश्य प्रकाशापेक्षा हा प्रकाश अधिक खोलवर जातो. अंधाऱ्या खोलीत विजेच्या बॅटरीवर तळहात धरला म्हणजे बोटांच्या कडा लाल दिसतात, त्याच जातीची ही गोष्ट. २००४ साली पँटारोटो, बियांको, प्राटो व कोस्टारेलोस यांच्या युरोपीय गटाने दाखवले की प्रथिनांचे तुकडे जोडलेल्या नळ्या पेशीचे आवरण भेदून आत शिरतात. २००५ साली स्टॅनफर्डच्या होंगजिए दाई यांच्या गटाने त्याही पुढचे पाऊल टाकले. फॉलिक आम्लाला जवळ करण्याची खोड काही कर्कपेशींना असते. त्या आम्लाचे लेपन केलेल्या नळ्या अशा पेशींनी गिळल्या, आणि वरून अवरक्त लेसर सोडताच नळ्या तापून पेशी मेल्या. शेजारच्या निरोगी पेशी मात्र वाचल्या. हे सर्व काचेच्या बशीत घडले होते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत बशीचा उल्लेख नसे.

याच सुमारास घडलेली एक हकीकत आम्हांस या सर्व इतिहासात सर्वांत मनाला भिडणारी वाटते. पेनसिल्व्हेनियातील ईरी या गावी जॉन कँझियस नावाचे एक गृहस्थ होते. रेडिओ केंद्रे चालवण्यात हयात गेली. वैद्यकाचे शिक्षण नाही. २००२ साली त्यांना रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. उपचारांसाठी रुग्णालयाच्या खेपा घालताना तिथली केस गेलेली, मलूल मुले त्यांच्या दृष्टीस पडत आणि झोप उडे. रेडिओलहरींनी धातू तापतो हे त्यांना धंद्यातून ठाऊक होते. कर्कपेशींत धातूचे कण पोचवून बाहेरून रेडिओलहरी सोडल्या तर, असा विचार करून त्यांनी पत्नीच्या स्वयंपाकघरातील केकची पत्र्याची भांडी घेऊन रात्री घरीच यंत्र जुळवायला सुरुवात केली. हे वेड पुढे एम. डी. अँडरसन कर्करोग रुग्णालयातील शल्यविशारद स्टीव्हन कर्ली यांच्यापर्यंत पोचले. कर्लींनी स्मॉलींकडे नळ्या मागितल्या. स्मॉली तेव्हा आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर होते. त्यांनी नळ्या दिल्या, आणि रेडिओलहरींनी त्या तापतात हे कळल्यावर चकितही झाले. एक रसायनशास्त्रज्ञ, एक रेडिओवाला. दोघेही त्याच कुळातील रोगाने ग्रासलेले, आणि दोघांचीही मदार कर्बाच्या त्याच चिमुटीवर.

२००७ साली कर्लींच्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. सशांच्या यकृतातील गाठींत नळ्या टोचून दोन मिनिटे रेडिओलहरी दिल्या असता गाठी मृत झाल्या होत्या. मात्र त्याच निबंधात असेही नमूद होते की गाठीच्या भोवतालच्या निरोगी यकृतालाही काही मिलिमीटरपर्यंत भाजल्याची इजा झाली. शिवाय नळ्या थेट गाठीत सुईने सोडल्या होत्या; रक्तातून हिंडून त्यांनी गाठ शोधून काढली नव्हती. ‘हुडकून मारणारे अस्त्र’ या कल्पनेतील ‘हुडकणे’ हा भाग अजून यायचाच होता. पुढे तर अशा अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत असाही प्रश्न उठला की उष्णता कणांमुळे येते की ते ज्या क्षारयुक्त द्रवात तरंगतात त्या द्रवामुळे. कँझियस २००९ च्या फेब्रुवारीत वारले. त्यांचे यंत्र माणसांवरील मान्यताप्राप्त उपचार कधीच झाले नाही. त्यांच्या गावच्या लोकांनी या कामासाठी वर्गण्या काढल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे भाकिताची किंमत केवळ प्रयोगशाळेतच मोजावी लागते असे नाही, हे कळते.

आता दुसरी बाजू, आणि ती थोडी विस्ताराने, कारण मराठीत तिच्याविषयी फार कमी लिहिले गेले आहे.

ॲस्बेस्टॉस हे खनिज आपल्याकडे छपरांच्या सिमेंटच्या पत्र्यांमुळे घरोघरी परिचित आहे. त्याचा एक प्रकार, पांढरा ॲस्बेस्टॉस, सूक्ष्मदर्शकातून पाहिला तर त्याचे तंतू म्हणजे गुंडाळलेल्या पापुद्र्यांच्या पोकळ नळ्याच असतात. न जळणारा, न कुजणारा, चिवट. एकेकाळी त्याला विसाव्या शतकाचे वरदान मानीत. इंग्लंडमधील रॉचडेल येथील गिरणीत हे तंतू कातणारी नेली कर्शॉ १९२४ साली वयाच्या तेहतिसाव्या वर्षी फुप्फुसे निकामी होऊन मरण पावली, आणि डॉ. कुक यांनी तिच्या शवचिकित्सेचा वृत्तांत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापला. पहिले ब्रिटिश नियम झाले १९३१ साली. पण फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग या तंतूंमुळे होतो हे निर्विवाद कळण्यास १९६० साल उजाडावे लागले. दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर, स्लेग्ज व मार्चंड यांनी ३३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांतील कित्येक खाणीत कधी उतरलेच नव्हते, केवळ लहानपणी खाणीच्या परिसरात राहिले होते. तंतू छातीत गेल्यापासून रोग उद्भवेपर्यंत तीस-चाळीस वर्षे लोटतात. एवढा काळ लोटल्यावर दोष कोणाचा हे सिद्ध करणे किती कठीण, हे निराळे सांगावयास नको.

असे का होते, याचा उलगडा अमेरिकेतील मर्ल स्टँटन यांच्या उंदरांवरील प्रयोगांनी झाला. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तंतू कोणत्या द्रव्याचा आहे यापेक्षा तो किती लांब व किती बारीक आहे याला महत्त्व होते. शरीरात परके काही शिरले की भक्षकपेशी ते गिळून टाकतात. पण तंतू पेशीहून लांब असेल तर ती त्याला पुरता गिळू शकत नाही. अर्धवट गिळलेला तंतू तोंडात धरून ती दाहक द्रव्ये ओकत राहते आणि आसपासचे ऊतक वर्षानुवर्षे भाजत राहते. लांब, बारीक, न कुजणारा: कर्बनलिकेचे वर्णन आम्ही वर दिलेच आहे.

ही शंका राइस विद्यापीठातच प्रथम उघडपणे चर्चिली गेली, ही गोष्ट त्या संस्थेला भूषणावह आहे. २००१ साली तेथे स्थापन झालेल्या केंद्रातर्फे व्हिकी कोल्विन यांनी अब्जांश द्रव्यांच्या दुष्परिणामांचा अभ्यास आधीच व्हावा असा आग्रह धरला. २००४ साली दोन निबंध आले. ह्यूस्टनमधील नासाच्या केंद्राशी संबंधित चिउ-विंग लाम यांनी उंदरांच्या फुप्फुसांत नळ्या सोडल्या, त्यांत खुद्द राइसच्या नळ्याही होत्या. फुप्फुसांत गाठी उठल्या. दुसरा निबंध ड्युपाँ कंपनीच्या वॉरहाइट यांचा, घुशींवरील. त्यांतल्या काही तर श्वासनलिका नळ्यांच्या गुठळ्यांनी बुजून गुदमरल्या. टीकाकार म्हणाले, एवढी मात्रा कोणी श्वासातून घेत नाही. आक्षेपात तथ्य होते. मग २००८ साली एडिंबरोचे केन डोनाल्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका प्रश्न विचारला. उंदरांच्या पोटाच्या पोकळीत त्यांनी लांब सरळ बहुभित्तिक नळ्या, आखूड किंवा गुंतागुंतीच्या नळ्या, आणि ॲस्बेस्टॉस असे वेगवेगळे सोडले. लांब सरळ नळ्यांनी ॲस्बेस्टॉसच्या लांब तंतूंसारखाच दाह निर्माण केला. आखूड व गुंतलेल्या नळ्यांनी तसे केले नाही. त्याच वर्षी जपानमधील ताकागी यांच्या गटाला, कर्करोगाला सहज बळी पडतील अशा मुद्दाम घडवलेल्या उंदरांत, प्रत्यक्ष आवरणाचा कर्करोगही दिसला.

या सर्वांचा कागदोपत्री परिणाम व्हायला आणखी सहा वर्षे गेली. २०१४ साली फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञ मंडळाने एमडब्ल्यूसीएनटी-७ या विशिष्ट जपानी बहुभित्तिक नळीस ‘माणसास कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या २ब वर्गात घातले. इतर नळ्यांबद्दल पुरावा अपुरा म्हणून त्यांना वर्गीकरणाबाहेर ठेवले. त्याआधी, २०१३ साली, अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कारखान्यांतील हवेसाठी दर घनमीटरला एक मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली होती. आमच्या मते येथे इतिहासाने एकदा तरी बरे वळण घेतले. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत नेली कर्शॉच्या मृत्यूपासून वॅग्नरांच्या निबंधापर्यंत छत्तीस वर्षे गेली आणि मोजायचे साधन म्हणजे माणसांची प्रेते होती. कर्बनलिकांच्या बाबतीत धोक्याचा इशारा माणसांच्या आधी उंदरांनी दिला. असा रोग जगातल्या एखाद्या कामगाराला झालाच नाही, असे चाळीस वर्षे उलटल्याखेरीज म्हणता येणार नाही. पण निदान हे ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय कोणाला उरलेली नाही.

आपल्या देशाचा या विषयाशी संबंध दोन्ही अंगांनी आहे. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने नव्वदीच्या दशकात चक्क कापरापासून कर्बाचे अतिसूक्ष्म मणी बनवले. कापरापासून नळ्याही उत्तम वाढतात हे पुढे जपानमध्ये मुकुल कुमार व आंदो यांनी दाखवले. आरतीच्या तबकातील कापूर जळताना वर धरलेल्या तळहातावर जी काजळी येते, तिचीच ही सुशिक्षित भावंडे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या अंचल श्रीवास्तव व ओंकारनाथ श्रीवास्तव यांनी पुलिकेल अजयन यांच्या अमेरिकेतील गटासह २००४ साली नळ्यांचीच एक गाळणी तयार केली, पाण्यातील ई. कोलाय जिवाणू आणि पोलिओचे सुमारे पंचवीस नॅनोमीटरचे विषाणूही तिने अडवले, आणि ती तापवून पुन्हा वापरता येत असे. २००७ साली केंद्र सरकारने नॅनो मिशन सुरू केले. दुसरे अंग असे की ज्या ॲस्बेस्टॉसचा दाखला जग देते त्याची आयात आपल्याकडे थांबलेली नाही, आणि त्यावरचा आपला सर्वांत मोलाचा दस्तऐवज म्हणजे अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये दिलेला निकाल. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असे सांगून न्यायालयाने प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे जपण्याचा आदेश दिला. चाळीस हा आकडा हवेतून आलेला नाही, हे वरील विवेचनावरून ध्यानात येईल.

शरीरात गेलेल्या नळीचे पुढे काय होते, हा प्रश्न त्यामुळे सर्वांच्या मुळाशी येतो. पृष्ठभागावर योग्य रेणू जोडलेल्या आखूड नळ्या उंदरांच्या लघवीवाटे बाहेर पडतात असे २००६ साली दिसले. २०१० साली पिट्सबर्गचे व्हॅलेरियन कॅगन व सहकारी यांनी त्याहून मोठी गोष्ट दाखवली: आपल्या पांढऱ्या पेशींत जंतू मारण्यासाठी असलेले एक विकर या नळ्यांनाही हळूहळू कुरतडून त्यांचे तुकडे करते. अविनाशी म्हणून मिरवणारी वस्तू शरीराला पचू शकते. पण किती दिवसांत, कोणत्या अवयवात, किती लांबीची, याचे एकच उत्तर मिळत नाही, कारण कर्बनलिका ही एकच वस्तू नाही. लांबी, व्यास, भिंतींची संख्या, शिल्लक राहिलेले लोह, वरचा लेप, या प्रत्येकागणिक तिचे वागणे बदलते. औषध म्हणजे प्रत्येक गोळीत तोच रेणू, ही औषधनियंत्रकांची पहिली अट. ती पुरी करणे या वस्तूला जड गेले.

२०१९ साली, म्हणजे स्मॉलींची मुदत भरली तेव्हा, कर्बनलिकांचे एकही औषध रुग्णांसाठी मान्यता पावलेले नव्हते. आजही नाही. तरीही त्यांचे भाकीत खोटे ठरले असे आम्ही म्हणणार नाही. नेमक्या पेशी हुडकणारी औषधे खरोखर आली. ती निराळ्या दाराने आली. रिटुक्सिमॅब हे लसिकापेशींच्या कर्करोगावरील प्रतिपिंड तर १९९७ सालीच, त्यांच्या साक्षीच्या दीड वर्ष आधी, अमेरिकेत मान्य झाले होते. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रूची ओळख पटवून परत सोडण्याचा उपचार २०१७ साली अमेरिकेत आला, आणि मुंबईच्या आयआयटीने टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्याने घडवलेल्या त्याच जातीच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. स्मॉली ज्या कुळातील रोगाने गेले त्याच कुळासाठी तो आहे. मेदाच्या अतिसूक्ष्म थेंबांतून २०२० च्या अखेरीपासून कोट्यवधी लोकांच्या दंडांत लस गेली ती तर शब्दशः अब्जांश तंत्रज्ञानाचीच. हे सारे मऊ, कुजणारे, शरीराच्या ओळखीचे पदार्थ आहेत. कर्बनलिकेचा जो गुण अभियंत्यांना मोहवीत होता, तिचा चिवटपणा, तोच वैद्यांना नको होता.

मग ती निरुपयोगी ठरली काय? तसेही नाही, ती शरीराच्या आतून उठून कडेला आली. टोकदार असल्याने विद्युत्‌दाब देताच नळी थंड अवस्थेतही इलेक्ट्रॉन सोडते, हे १९९५ पासून ठाऊक होते. नॉर्थ कॅरोलायनाच्या ऑटो झू यांच्या गटाने त्यावर क्ष-किरणांचे नवे उगम बांधले, आणि त्या तत्त्वावरची हलकी, रुग्णाच्या खाटेपाशी ढकलत नेता येणारी यंत्रे रुग्णालयांत आली आहेत. तेथे नळी काचेच्या निर्वात कोशात बंद असते. फुप्फुसाचे चित्र काढते, पण फुप्फुसात जात नाही. न्यूयॉर्कमधील डॅनिएल हेलर यांच्या गटाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात नळ्या रक्तद्रवाच्या थेंबात, शरीराबाहेर, मिसळल्या जातात, त्यांच्या अवरक्त प्रकाशातील बारीक फरक संगणक वाचतो आणि त्यावरून बीजांडकोशाच्या कर्करोगाचा माग काढतो. हा रोग बहुधा उशिरा कळतो, म्हणून या कामाकडे लक्ष ठेवणे अगत्याचे.

आणि राइस विद्यापीठातच मातेओ पास्क्वाली यांनी नळ्या तीव्र आम्लात विरघळवून त्यांचा सूत कातण्याची विद्या साधली. ते सूत शिवणाच्या दोऱ्यासारखे मऊ असते आणि तारेसारखी वीज वाहते. टेक्सास हृदय संस्थेतील मेहदी रझावी यांनी ते मेंढ्यांच्या हृदयावर, जखमेने मेलेल्या आणि म्हणून वीज न वाहणाऱ्या भागाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, टाक्याप्रमाणे शिवले. ठोक्याचा संदेश त्या दोऱ्यावरून पलीकडे गेला. तो निबंध २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला.